वीस रुपयांची कोथिंबीर आणि माझी झेड सिक्युरिटी

मेव्हण्यानं जुना कूलर ऑनलाइन विकायला काढला तिथून हे सगळं सुरू झालं. किंमत लावली होती अडीच हजार. घेणारा म्हणाला मी फौजी आहे, बदली झालीये, घासाघीस करत नाही, तुम्हाला एक क्यूआर पाठवतो तो स्कॅन करा की पैसे जमा होतील. मेव्हण्यानं स्कॅन केला, पिन टाकला आणि अडीच हजार गेले. फौजी म्हणाला सॉरी सर उलटं झालं, परत एकदा करा, आणि मेव्हण्यानं खरंच परत एकदा केलं. पाच हजार गेले, कूलर घरातच आहे, आणि तो गार हवा फेकत नाही (फेकत आधीपण नव्हता, ते जाहिरातीत लिहिलं नव्हतं, तो भाग वेगळा).

पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो, हे वाक्य तेव्हापासून आमच्या घरात दिवेलागणीला रामरक्षेसारखं म्हटलं जातं. फ्रिजवर दूधवाल्याच्या नंबरच्या वर 1930 लिहिलाय, सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर, मार्करनं, इतका मोठा की पाहुण्यांना वाटतं आमचा फ्रिज 1930 सालचा आहे.

मग माझी पाळी आली. मी बाजारात जातो, वीस-तीस रुपयांसाठी दिवसातून चारदा फोन काढतो, आणि ज्या खात्यात पगार येतो तेच खातं त्या फोनला जोडलेलं. पुण्याहून आलेली कन्या म्हणाली बाबा हे म्हणजे तुम्ही तिजोरी खांद्यावर घेऊन कोथिंबीर आणायला जाताय. मला उपमा आवडली पण तिच्या आईलाही आवडली तिथं घात झाला. रविवारी दुपारी दोघींनी मिळून माझा फोन ताब्यात घेतला आणि पगाराचं खातं फोनवरून काढून टाकलं. एका दुसऱ्या बँकेत माझं जुनं खातं धूळ खात पडलं होतं ते जोडलं आणि त्यात दोन हजार टाकले. चोरानं मारले तर दोनच हजार जातील. हे खरंच शहाणपणाचं आहे, मी मान्य करतो. फक्त महिन्याच्या वीस तारखेनंतर त्या खात्यात चोरासाठीही काही नसतं आणि माझ्यासाठीही.

पिन पण बदलला. आधी चार आकडी होता, लग्नाचं साल. कन्या म्हणाली हे कुणीही ओळखेल. ही म्हणाली तुझे बाबा सोडून.

त्यावर युपीआय लाइट, म्हणजे फोनमधलं सुट्ट्या पैशांचं छोटं पाकीट, सुरू करून दिलं. हे 2022 च्या सप्टेंबरात आलं तेव्हा एकावेळी दोनशेच रुपये देता यायचे, आता हजारापर्यंत देता येतात आणि आत जास्तीत जास्त पाच हजार ठेवता येतात. गंमत अशी की याला पिनच लागत नाही. पिन लागत नाही म्हणजे मागचा माणूस वाकून बघणार काय, असं कन्येचं म्हणणं. यावर ही म्हणाली म्हणजे चोराला त्रास नको म्हणून दाराला कडीच लावायची नाही. शेवटी लाइटमध्ये शंभरच रुपये ठेवायचे असं ठरलं. वर फोनच्या कव्हरच्या आत पाचशेची एक घडी केलेली नोट, इमर्जन्सीसाठी. फोन हरवला तर इमर्जन्सीपण त्याच्यासोबत जाईल हे कन्येनं दाखवून दिलं पण तोपर्यंत ही चहा टाकायला उठली होती.

राहता राहिलं कार्ड. टेकवलं की पाच हजारापर्यंत बिनपिनचं काम होतं हे मला माहीत होतं, पण कुणीतरी व्हॉट्सअपवर पाठवलं की गर्दीत मशीन खिशाला लावून पैसे काढतात, म्हणून मी कार्ड स्वयंपाकघरातल्या चांदीच्या कागदात गुंडाळून नेऊ लागलो. मेडिकलवाल्या पोरानं विचारलं काका डबा आणलाय का. टॅप करायची सोय बँकेच्या अ‍ॅपमधून साधी बंद करता येते हे मला नंतर कळलं. कार्डाला तोवर पराठ्याचा वास लागला होता तो अजून आहे.

तर अशी सगळी झेड सिक्युरिटी घेऊन मी मागच्या मंगळवारी सकाळी आमच्या सिडकोतल्या (संभाजीनगरच्या, नाशिकच्या नव्हे) भाजीवाल्या मावशींकडे गेलो. एक जुडी कोथिंबीर, वीस रुपये.

लाइटमध्ये चौदा होते. आता खात्यातून द्यायचे म्हणजे पिन आला. त्याआधी नियम असा की स्कॅन केल्यावर नाव वाचायचं, क्यूआरवर कुणी रात्रीत दुसरा कागद चिकटवून जातं म्हणे. मी नाव वाचलं, ते कुठल्यातरी मोबाईल रिपेअरिंगवाल्याचं. आणि मावशींचं नाव काय? बारा वर्षं भाजी घेतोय, मला नाव माहीत नाही! मी कडक आवाजात विचारलं मावशी हे कोणाचं खातं. त्या म्हणाल्या जावयाचं हाय, कामून? काही नाही म्हणालो, पण मनात आलं की जावयाच्या खात्यात पैसे टाकणं सुरक्षित आहे की नाही हे मावशींनीच ठरवावं.

मग पिन. कोणाला दिसू नये म्हणून मी मावशींकडे पाठ केली, फोन पोटाशी धरला आणि छत्रीच्या दांड्याला टेकून खाली वाकलो. शेजारचा कांदेवाला धावत आला, पाणी दिऊ का भाऊ, चक्कर यायलीय का? मी नाही नाही म्हणत पहिले तीन आकडे विसरलो. परत सुरुवात केली.

शेवटी ते गोल गोल फिरायला लागलं. मी म्हणालो मावशी, गेले. मावशी म्हणाल्या डबा बोलू द्या. त्यांचंपण बरोबर आहे, मागं एक जण नुसता हिरव्या टिकचा खोटा स्क्रीन दाखवून दोनशेची भाजी घेऊन गेला, तेव्हापासून त्या माणसाच्या तोंडावर आणि फोनच्या स्क्रीनवर विश्वास ठेवत नाहीत, फक्त डब्यावर. डबा, म्हणजे पैसे आले की बोलून सांगणारा स्पीकर, टोमॅटोच्या क्रेटखाली असतो. तो बोलला, वीस रुपये प्राप्त झाले. मी जुडीला हात घातला तर एक ताई म्हणाल्या ओ, ते माझे आहेत, मी पालकाचे टाकले. तेवढ्यात डबा परत बोलला, वीस रुपये. आता मेथीवाले आजोबा पुढे आले, हा माझा आवाज. तिघांनी वीस-वीस टाकलेले आणि डबा दोनदाच बोललेला, म्हणजे आमच्यात एक जण खोटं बोलत होता आणि सगळ्यांच्या नजरेत तो पाठ करून वाकणारा माणूस होता.

माझ्या फोनवर पिवळं घड्याळ होतं, प्रोसेसिंग. बँकेचा मेसेज मात्र लगेच आला, वीस रुपये कापले. मी कव्हर उचकटून पाचशेची इमर्जन्सी बाहेर काढली. मावशींनी तिच्याकडे बघितलंपण नाही, सकाळी सकाळी सुट्टे कुठून आणू. मग स्वतःच जुडी पिशवीत कोंबून म्हणाल्या न्या आता, उद्या द्या, गिऱ्हाईक थांबलंय.

घरी आल्यावर मी रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम वाचून काढला. कापलेले पैसे समोरच्याला पोचले नाहीत तर साध्या ट्रान्सफरला दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराचं पेमेंट असेल तर पाच दिवसांत आपोआप परत यायला पाहिजेत, नाही आले तर बँकेनं रोजचे शंभर रुपये द्यायचे. वीस रुपयांवर रोज शंभर! माझ्या कुठल्याच एफडीनं आजवर असं काही केलेलं नाही. मी हिला म्हणालो आता फक्त देव करो आणि पैसे अडकून राहोत, वर्षभरात साडेछत्तीस हजार होतात, मेव्हण्याचं नुकसान भरून वर नवीन कूलर येईल. रात्री साडेनऊला वीस रुपये निमूट परत आले. चांगल्या स्कीम मला कधीच लाभत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की आज फोन नाही, नोट नाही, पिन नाही. दहाची दोन नाणी खिशात टाकून गेलो आणि मावशींच्या वजनकाट्यावर खणकन ठेवली. मावशींनी ती बोटानं माझ्याकडे सरकवली. दहाचं नाणं चालत न्हाई भाऊ.

मी म्हणालो अहो चालतं, वेगवेगळ्या डिझाइनची आहेत आणि सगळीच्या सगळी चालतात, रिझर्व्ह बँकेनंच सांगितलंय.

मग रिझर्व्ह बँकेतून कोथिंबीर घ्या, मावशी म्हणाल्या. माझ्याकडून कोणी घेईना ते, डबाभर पडलेत घरी. स्कॅन करा, मशीन आज नीट बोलायलंय.

मी फोन काढला, मावशींकडे पाठ केली आणि वाकलो. कांद्यावाल्यानं न विचारता स्टूल आणून ठेवलं.