आमचा चेस्टर, आमचा चेस्टर

सकाळी गॅसवर चहा ठेवला होता आणि हॉस्टेलच्या ग्रूपवर एका मित्राचा मेसेज आला. मेणबत्तीचं चित्र, खाली, "आपल्यासाठी लिंकिन पार्क 20 जुलै 2017 लाच संपलं. आता हे जे आलंय तो निव्वळ धंदा." लिंकिन पार्क हा अमेरिकन रॉक बँड, आणि त्या तारखेला गेला तो त्यांचा गायक चेस्टर. आता आलंय ते म्हणजे नव्या गायिकेसोबतचा अल्बम. मेसेजवर धडाधड अंगठे. चहा उतू गेला तो वेगळाच.

मी विचारलं, बाबा, अल्बम ऐकलास का? तर म्हणे, दीड गाणं ऐकलं. दीड! तो अल्बम, 'फ्रॉम झीरो', शुक्रवारी, 15 नोव्हेंबर 2024 ला आला. अख्खा अल्बम जेमतेम 32 मिनिटांचा आहे. तुझ्या ऑफिसच्या बसला सिंहगड रोडवरून बाहेर पडायला याहून जास्त वेळ लागतो. तेवढंही ऐकायचं नाही, पण श्राद्ध मात्र घालून मोकळा.

आमच्या गावची गोष्ट सांगतो. कुडाळजवळचं गाव, भजनाचं वेड. माझा आजो भजनात पखवाज वाजवायचा. मी सहावीत असताना आमचे बुवा गेले. बुवा म्हणजे काय आवाज! काळी चारात, म्हणजे पेटीच्या उंच पट्टीत गायचे आणि गजर चढला की देवळाची कौलं हलतील असं वाटायचं. वर्षभर पेटी फडक्यात गुंडाळून होती. मग पुढच्या सप्त्याला पलीकडच्या वाडीतला एक पोरगा पेटीवर बसला. पट्टी काळी तीन, म्हणजे बुवांपेक्षा खालची. झालं! त्याने तोंड उघडायच्या आधीच देवळाच्या पायरीवर निकाल लागला होता, "बुवांची सर नाय."

आजोने मात्र संध्याकाळीच पखवाज पुढ्यात घेतला होता. हातोडीने गठ्ठे ठोकत, एकेका ठिकाणी थाप मारून कान लावत त्याने तो काळी तीनात आणला, डाव्या तोंडाला ताजी कणीक थापली. पायरीवरचा एकजण म्हणाला, तुमका बरा चलता हा असला? आजो वर न बघता म्हणाला, "तेच्यावांगडा तीस वर्सा मी वाजवलंय. जास्त वाईट तुमका वाटता की माका? तो गेलो म्हणान पखवाज चुलीत घालू?"

चेस्टरच्या जोडीने गाणाऱ्या माइक शिनोडाला आज जे लोक 'बाजारू' म्हणतायत ना, त्यांना मला हे एकच वाक्य ऐकवायचंय. मालवणीत.

अरे, त्याचा मित्र गेला. तुमच्या प्लेलिस्टमधला आवाज गेला, त्याच्या शेजारी उभा राहणारा माणूस गेला. ऑक्टोबर 2017 मध्ये लॉस एंजेलिसच्या 'हॉलीवुड बोल' या खुल्या रंगमंचावर श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला, तेव्हा एका गाण्याला यांनी चेस्टरच्या मायक्रोफोनच्या रिकाम्या स्टँडवर प्रकाशझोत सोडला आणि गायलं ते समोरच्या लोकांनी. त्यानंतर सात वर्षं बँड म्हणून नवा अल्बम नाही. धंदाच करायचा असता तर 2018 लाच एखादा चेस्टरसारखं ओरडणारा पोरगा उभा केला असता. हुबेहूब नक्कल करणारे यूट्यूबवर पैशाला पासरी आहेत.

यांनी एमिली आर्मस्ट्राँगला आणलं. एक बाई. आणि मला वाटतं, अर्धं दुखणं तिथेच आहे. ग्रूपवर एकाने लिहिलंच, "बाई काय किंचाळणार." चौथा ट्रॅक लाव, मग बोल. डेड सारा या तिच्या बँडमध्ये ती वर्षानुवर्षं हेच करत आली आहे.

आणि ती कशी येते ते तरी बघा. सप्टेंबर 2024 मध्ये आलेल्या पहिल्या गाण्यात पहिलं कडवं माइकच गातो. धृपदही तोच. ती येते दुसऱ्या कडव्याला. नवी सून घरात येते तशी, आधी घरचा माणूस उंबऱ्यापर्यंत. अल्बमच्या सुरुवातीला काही सेकंदांच्या गप्पा आहेत, त्यात ती नावाचा अर्थ विचारते आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत आवाज तुटतो. शून्यापासून, हा एक अर्थ. पण या बँडचं अगदी पहिलं नावही 'झीरो'च होतं, फक्त स्पेलिंग वेगळं. तेव्हा गायक मार्क वेकफिल्ड होता. तो सोडून गेला आणि 1999 मध्ये ॲरिझोनाहून एक पोरगा त्याच्या जागी आला. त्याचं नाव चेस्टर बेनिंग्टन. दुसऱ्याच्याच जागेवर आलेला होता तुमचा चेस्टर!

बरं, मान्य. सगळंच काही भारी नाही. आठवं गाणं ऐकताना 2000 सालचा यांचा पहिला अल्बम 'हायब्रिड थिअरी' परत गरम करून वाढलाय असं वाटतं. ड्रम्सवर जुना रॉब बोर्डन नाही, हेही मला खटकतं. आणि एमिली एका खटल्यात आरोपीच्या पाठिंब्यासाठी कोर्टात गेली होती, नंतर त्या माणसाला ओळखण्यात चूक झाली असं तिने जाहीर लिहिलं. त्यावरून कुणाला ती नको असेल तर मी भांडणार नाही. चेस्टरच्या मुलानेही नाराजी उघड बोलून दाखवली, आणि त्याचा तो हक्कच आहे.

तुझा नाही. तुझा का नाही, ते सांगतो.

मे 2017. चेस्टरचा शेवटचा अल्बम 'वन मोअर लाइट' आला होता. आठवतं का कोण काय बोलत होतं? पॉप झाले, विकले गेले, गिटार कुठे गेल्या. चेस्टर मुलाखतींमध्ये वैतागून बोलायचा की 'हायब्रिड थिअरी'च्या पुढे चला आता. आम्ही हसायचो. दोन महिन्यांत तो गेला. 41 वर्षांचा होता. आणि ज्यांनी त्याला शिव्या घातल्या तेच दुसऱ्या दिवशी मेणबत्त्या घेऊन हजर.

हे लिहिता लिहिता माझी त्या वेळची पोस्ट शोधून काढली. "हे ऐकण्यापेक्षा बहिणीच्या लग्नाची कॅसेट लावा." माझीच आहे. खाली मेणबत्तीवाल्या मित्राची कमेंट, "शंभर टक्के." पुढे हसणारे चेहरे.

म्हणजे मीही त्यातलाच. सप्त्यातही होतो. नव्या बुवाने गजर घेतला आणि जुने बुवा जिथून वर चढायचे ती जागा आली, तेव्हा खांबाआडून आम्ही पोरं ओरडलो, "वर! वर!" तो गेला वर. आवाज फाटला. थांबला, तांब्या तोंडाला लावला, हात थरथरत होता. लोक हसले. आजो हसला नाही आणि थांबलाही नाही. नुसता ठेका धरून राहिला, तो पोरगा परत सूर पकडेपर्यंत. किती वेळ, कोण जाणे. मला तो फार लांब वाटला होता.

तोच पोरगा पुढे पंचक्रोशीतला नावाजलेला बुवा झाला. गेल्या मे महिन्यात गावी गेलो तर पेटीवर त्यांचा मुलगा बसला होता आणि पायरीवर तीच कुजबुज, "बापाशीची सर नाय हेका." मी मुद्दाम पुढे जाऊन बसलो.

पखवाजावर आता आजो नाही. कोण एक तरुण आहे, बँकेत असतो म्हणे. बरा वाजवतो, हात साफ आहे. पण आजोसारखा नाही. कोणाला बोललो नाही तिथे, इथे लिहितोय.