धूळ राहू द्या, आकडा सांभाळा

कोळशाची खाण चालवता आणि धुळीचा विषय डोक्याला ताप झालाय? आधी एक गैरसमज काढून टाका. त्रास धुळीचा नसतोच, ती मोजणाऱ्यांचा असतो. अमेरिकेतलंच बघा. १९६९ च्या कायद्यातून घनमीटर हवेत २ मिलिग्रॅम धुळीची मर्यादा आली, २०१४ च्या नियमाने ती दीडवर आणली. धुळीला वाचता येत नाही, त्यामुळे तिचं काही बिघडलं नाही. वाचता तुम्हाला येतं, म्हणून जिवाला घोर.

तर मोजणीच्या दिवशी यंत्र जरा दमानं चालवा. पाण्याच्या फवाऱ्यांची तुंबलेली तोंडं त्या एका पाळीपुरती साफ करा. वारा वळवणारा पडदा थेट कापणीच्या तोंडापर्यंत ओढून घ्या. पाळी संपली की गुंडाळा. एरवी तो गाड्यांना आडवा येतो.

धूळ मोजायला कामगाराच्या कमरेला हवा ओढणारा पंप आणि छातीपाशी गाळणी लावतात. ती गाळणी पाळीभर त्याच्या जेवणाच्या डब्यात ठेवायला सांगा. पांढरीशुभ्र राहते. (ही युक्ती माझी नाही. असले प्रकार तिकडे कोर्टापर्यंत गेलेत.) हल्ली जागच्या जागी आकडा दाखवणारं यंत्र निघालंय, ते मात्र वाईट. पूर्वी नमुना प्रयोगशाळेत जायचा, निकाल यायला दिवस लागायचे, तोवर धूळ छातीत बिऱ्हाड थाटून बसलेली असायची.

चांगले थर संपत आले की कोळशाबरोबर वरखालचा दगडही कापावा लागतो. त्यातली सिलिका (वाळूत असतं तेच खनिज) कोळशाच्या धुळीपेक्षा कितीतरी घातक. २०२४ मध्ये तिकडे तिच्यावर घनमीटरला ५० मायक्रोग्रॅमचा नियम आला आणि कोळसा खाणींपुरता कोर्टात अडकला. तुमची पुण्याई!

तोवर मास्क वाटा. वाटतानाचे फोटो काढा. घामानं चिकटतो, बोलायला खाली ओढावा लागतो, दाढी असली तर कडेनं धूळ शिरते. म्हणजे उद्या कोणी आजारी पडला, तर मास्क नीट न लावल्याचा दोष आयताच त्याच्यावर.

धुळीनं फुप्फुसांना जडणारा हा आजार खाण सोडली तरी माणसाला सोडत नाही, वाढतच राहतो. बऱ्याच वर्षांनी तो भरपाई मागायला येईल. चार पायऱ्या चढून कठड्याला धरून उभा राहील. धाप ओसरू द्या, मग विचारा, ‘विड्या ओढायचास ना?’ आणि जुनी फाइल काढा. गाळणी त्याचीच, खाली सहीही त्याचीच, आणि आकडा असा, की जणू तो जन्मभर बागेत कामाला होता.