'अराउझ' अश्लील नाही आणि त्याचा भूतकाळ 'अरोझ'ही नाही

स्पर्धा परीक्षांच्या ग्रुपवर राउझ (rouse) आणि अराउझ (arouse, म्हणजे भावना जागवणे) या इंग्रजी क्रियापदांबद्दल एक मेसेज फिरतोय: 'राउझ म्हणजे उठवणे, अराउझ अश्लील, लिहू नका, रूपे अराउझ-अरोझ-अरिझन.' यातलं पहिलं अर्धवट आहे, बाकी दोन्ही चूक.

आधी रूपं, कारण मार्क तिथेच जातात. अरोझ आणि अरिझन ही 'अराइझ'ची (arise, निर्माण होणे) रूपं. राउझ आणि अराउझ नियमित आहेत, नुसतं 'ड' लागतं: राउझ्ड, अराउझ्ड. अराइझला कर्म लागत नाही: 'अ डाउट अरोझ', शंका निर्माण झाली. अराउझला लागतं: 'हिज आन्सर अराउझ्ड सस्पिशन', त्याच्या उत्तराने संशय जागा झाला. 'हिज आन्सर अरोझ सस्पिशन' लिहिलंत तर चूक.

अश्लीलतेचं म्हणाल तर कर्म काय आहे ते बघा. संशय, कुतूहल, राग असेल तर शब्द अगदी स्वच्छ. इंग्रजी बातम्यांत नेहमी दिसतो. कर्म माणूस असेल तेव्हा मात्र लैंगिक अर्थ पटकन निघतो, म्हणून झोपेतून उठवायला तो टाळावा. तिथे राउझ चालतो, पण तोही गाढ झोपेतून किंवा गुंगीतून जागं करण्यासाठी. रोजच्या बोलण्यात 'वेक अप' पुरे.

राउझचा दुसरा अर्थ मेसेजमध्ये नाहीच: चेतवणे. स्फूर्तिदायक भाषण म्हणजे 'राउझिंग स्पीच'. तिथे 'अराउझिंग' लिहिलं तर खरंच पंचाईत. (राउझ, अराउझच्या उच्चारात शेवटी 'झ', 'स' नाही.)

कुठलाही चांगला इंग्रजी शब्दकोश उघडून ताडून बघा. जुना मेसेज पुढे पाठवू नका. ग्रुपमध्ये आला तर त्याखाली हा खुलासा टाका.