‘बाहेरच्या पासिंग’वर खापर फोडण्याआधी

सोसायटीच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर, शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय. त्याचा आशय असा: पुण्याच्या वाहतुकीचा बट्ट्याबोळ एमएच-१२ (पुणे) आणि एमएच-१४ (पिंपरी-चिंचवड) सोडून बाकीच्या पासिंगच्या गाड्यांनी केला. गावाकडे परीक्षा न देताच लायसन्स मिळतं, त्या लोकांना ना लेन कळते ना सिग्नल. म्हणून त्यांना पुण्यात गाडी चालवायची असेल तर वेगळी परीक्षा घ्या. माझ्या गाडीचा नंबर एमएच-२४, म्हणजे लातूरचा आहे. मला हे लागलं, म्हणून मुद्द्यांनी उत्तर देते.

आधी नंबरप्लेट. गाडीची नोंदणी कुठे झाली एवढंच तिच्यावरून कळतं, स्टिअरिंगवर कोण बसलंय ते कळत नाही. ही गाडी वडिलांनी लातूरला घेतली आणि मी ती अकरा वर्षं धायरीत राहून चालवते आहे. राज्यातल्या राज्यात बिऱ्हाड हललं तर आरसीवरचा पत्ता बदलायचा असतो, नंबर तोच राहतो. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तरच नवा नंबर घ्यावा लागतो. मी क्लच सोडायला शिकले ते सिंहगड रस्त्यावर, लातूरला नाही. उलट एमएच-१२ ची कॅब चालवणारा मुलगा गेल्याच महिन्यात बीडहून आलेला असू शकतो. आणि १९ मे २०२४ ला कल्याणीनगरात ज्या पॉर्श गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला, तिची कायमची नोंदणीच झालेली नव्हती. पोलिसांच्या म्हणण्यानुसार ती चालवत होता एक अल्पवयीन मुलगा, आणि तो पुण्याचाच होता.

लायसन्सचा मुद्दा थोडा खोलात जाऊन बघायला हवा, कारण त्यात अर्धं खरं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याखालचे नियम १९८९ चे, आणि ते उदगीरला वेगळे आणि पुण्याला वेगळे नाहीत. शिकाऊ लायसन्ससाठी पंधरा प्रश्न, त्यातले नऊ बरोबर यावे लागतात. २०२१ पासून ही परीक्षा महाराष्ट्रात घरबसल्या देता येते, म्हणजे शेजारी कोणी उत्तरं सांगत बसलं असेल तर ते कोथरूडलाही कळत नाही आणि औशालाही नाही. फरक पक्क्या लायसन्सच्या चाचणीत पडतो. पुण्यात चारचाकीसाठी भोसरीच्या स्वयंचलित ट्रॅकवर जावं लागतं. तिथे गाडीची चाकं रेषेबाहेर गेली की ते यंत्रात नोंदलं जातं, ओळखीच्या एजंटाला मध्ये घालून उपयोग नसतो. अशी सोय प्रत्येक गावात नाही, हे मान्य. पण मेसेज पुढे ढकलणारे माझे बहुतेक परिचित पन्नाशीतले आहेत. त्यांनी लायसन्स काढलं तेव्हा हा ट्रॅक पुण्यातही नव्हता.

बाहेरच्यांना लेन आणि एकेरी रस्ते कळत नाहीत म्हणे. नवख्या माणसाचा गोंधळ होतो, यात शंका नाही. लक्ष्मी रस्ता, जंगली महाराज रस्ता, फर्ग्युसन रस्ता यांच्या दिशा पाठ व्हायला वेळ लागतो. पण हे रस्त्यांच्या ओळखीचं अज्ञान झालं, नियमांचं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चांदणी चौकातला नवा पूल सुरू झाला तेव्हा जन्मभर पुण्यात राहिलेली माणसंही भलत्याच रस्त्याला लागत होती. त्यांना कोणी अडाणी म्हटलं नाही. सगळे पाट्यांना दोष देत होते, आणि ते बरोबरच होतं.

आता नियम माहीत असण्याबद्दल. लाल दिवा असला तरी डावीकडे केव्हाही वळता येतं, अशी पुण्यात कित्येकांची ठाम समजूत आहे. ती चुकीची आहे. तसा फलक किंवा हिरवा बाण असेल तिथेच वळता येतं, नाहीतर डाव्या लेनमधल्यानेही स्टॉप लाइनच्या अलीकडे थांबायचं. मी थांबते. मागून हॉर्न वाजतात, आणि एकदा तर शेजारून जाताना एका गृहस्थांनी काच खाली करून ‘लातूरला परत जा’ असं सुनावलं. त्या क्षणी त्या चौकात नियम पाळत होती ती एमएच-२४ ची गाडी. हेल्मेटची सक्ती कायद्यात आहे हे तर कोणाला शिकवावं लागत नाही, तरी जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांनी ती अंमलात आणायला घेतली तेव्हा याच शहरात विरोधात आंदोलन झालं. सदाशिव पेठेत ‘एवढ्या दोन मिनिटांसाठी’ उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाकीस्वाराला तो रस्ता एकेरी आहे हे चांगलंच ठाऊक असतं.

प्रदेशाप्रमाणे खरा फरक पडतो तो सवयीच्या रस्त्याचा. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार पाहा. डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलवर सोडला की इंजिनची ओढ जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. इंजिनच बंद केलं तर ब्रेकची हवाही भरत नाही. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनाने तिथे कितीतरी गाड्यांना धडका दिल्या. हा उतार ज्याच्या पायाखालचा नाही त्याला तिथे धोका जास्त आहे. पण पावसाळ्यात ताम्हिणीला किंवा वरंधा घाटात जाणारे आपण पुणेकर तिथे नवखेच असतो. अरुंद घाटात उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम आपल्यातल्या किती जणांना माहीत असतो? चढणीला अर्ध्यात अडकलेली एसटी आणि तिच्यासमोर अडून बसलेली एमएच-१२ मी स्वतः पाहिली आहे.

राहिली वेगळ्या परीक्षेची मागणी. मोटार वाहन कायद्यानुसार लायसन्स देशभर चालतं, शहराला स्वतःची परीक्षा लावता येत नाही. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, आणि सरकारी अहवालानुसार त्यातले दहापैकी सात मृत्यू अतिवेगामुळे झाले. तेव्हा प्रश्न गावाचा नाही, शिस्तीचा आहे. परीक्षाच मागायची तर भोसरीसारखा ट्रॅक लातूरला, बीडला, धाराशिवला मागा. मी त्या अर्जावर पहिली सही करते.