ईस्टर आणि इश्तार: नावाच्या साम्यावरून उठलेली हूल

ईस्टर जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरू लागतो: ‘ईस्टर म्हणजे बाबिलोनची देवी इश्तार; अंडी आणि ससा ही तिचीच चिन्हं, म्हणून ख्रिस्ती माणसाने हा सण पाळू नये.’ हे चूक आहे. इश्तारची चिन्हं सिंह आणि आठ टोकांचा तारा. साम्य फक्त इंग्रजी उच्चारात, आणि इंग्रजी भाषा जन्मण्याआधीच, दुसऱ्या शतकात, हा सण कोणत्या दिवशी पाळायचा यावर ख्रिस्ती मंडळींत वाद रंगले होते! सणाचं जुनं नाव ‘पास्खा’, यहुद्यांच्या वल्हांडण या सणावरून आलेलं. गोव्यात आजही ‘पास्कांचें फेस्त’च म्हणतात.

इंग्रजी नावाबद्दल मात्र शंकेला जागा आहे. बीड या इंग्लिश भिक्षूने इ.स. 725 मध्ये एओस्त्रे नावाच्या देवीवरून पडलेल्या महिन्याचा उल्लेख केला. त्यापलीकडे तिच्याविषयी ठोस काही हाती लागत नाही. अंडी ईस्टरआधीच्या उपवासकाळात वर्ज्य असत, म्हणून सणाला त्यांचं अप्रूप. ससा तर जर्मन प्रथेतला, बराच अलीकडचा.

तरीही कुणाला सण नको असेल, तर बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 14व्या अध्यायात प्रेषित पौलाने दिवस मानणं न मानणं ज्याच्या त्याच्या मनावर सोडलं आहे. त्यासाठी इश्तारला वेठीला धरायची गरज नाही.