पाच हजार येणार होते

आयोजकाचा फोन येतो. "पाच हजार पब्लिक येणार, तुमचा फूड ट्रक पाहिजेच." लगेच हो म्हणा. तिकिटं किती खपली, मागच्या खेपेला खरोखर किती आले, मैदानावर आणखी किती ट्रक आहेत, स्टेजवरचा कार्यक्रम मध्यंतराला कधी थांबतो, असले खवचट प्रश्न विचारायचे नाहीत. अमुक इतकी विक्री झाली नाही तर जागेच्या भाड्यात सूट मिळेल का, हे तर अजिबातच नाही. प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं, आणि धंदा विश्वासावर चालतो. (भाडं तेवढं आगाऊ भरायचं असतं. ते विश्वासावर चालत नाही.)

काही किरकोळ वृत्तीची माणसं या वेळी कागद-पेन्सिल काढतील. समजा पाच हजार आलेच, त्यातले निम्मे खाणार, ट्रक दहा, म्हणजे आपल्या वाट्याला अडीचशे. चार तासांत अडीचशे म्हणजे मिनिटाला एक ऑर्डर, तेवढं तिघांत निघतं. आणि पाच हजारांऐवजी पाचशेच उगवले तर? मग पंचवीस ऑर्डरी. दहा मिनिटांना एक. अशा अशुभ माणसांना हिशेबाला बसवू नका. तुम्ही सरळ सहा जणांना बोलवा.

सहा जण ट्रकमध्ये मावत नाहीत, ही गोष्ट गौण आहे. शेगडीपाशी एकच जण उभा राहू शकतो आणि अख्ख्या ट्रकचा वेग त्याच्या हातावर ठरतो, हीसुद्धा. खिडकीत दोघं उभे केले तर ऑर्डरी दुप्पट वेगाने घेतल्या जातील आणि त्याच जुन्या वेगाने निघतील, पण गिऱ्हाइकाला ताटकळताना दोन चेहरे बघायला मिळतील. हेही काही कमी नाही.

आता मैदान उघडलं. तासभर झाला. समोरून एक कुत्रं गेलं. इथे मालकाचा खरा कस लागतो. रिकामे हात पाहिले की तुमच्या डोक्यात तिडीक गेलीच पाहिजे. गर्दी पोरांनीच अडवून ठेवल्यासारखं त्यांच्याकडे बघा. पुसलेला काउंटर पुन्हा पुसायला सांगा. तरीही कोणी उभं दिसलंच तर आणलेला सगळा माल एकदम शिजवायला लावा. थोडा थोडा शिजवला तर उरलेला कच्चा माल उद्या वापरता येईल, असं एखादा शहाणा आचारी कुजबुजेल. दुर्लक्ष करा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला २ तासांहून जास्त ठेवू नये, गरम ठेवायचं तर ६० अंशांच्या वर आणि थंड ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली. पण त्या संघटनेने कधी ट्रक चालवलाय? शेगडी मंद करून गॅस वाचवा, आणि अन्न कोमट, तुमच्या आशेइतकंच कोमट, राहू द्या.

दीड तासाने मोठा निर्णय घ्या: माणसं घरी पाठवा. कोणाला पाठवायचं याचा विचार आधी करून ठेवला असेल तर त्यात मजा नाही. जो सगळ्यात गरीब, उलट बोलत नाही, त्याला पाठवा. बहुधा तो भांडी घासणारा असतो. दुसरा पाठवाल तो शेगडी आणि खिडकी, दोन्ही सांभाळू शकणारा असावा, कारण त्याचा तासाचा दर जास्त. उरतील ते एकेकच काम येणारे. मग बरोबर वीस मिनिटांनी कार्यक्रमाचा मध्यंतर होईल, आणि मैदानात जी काय शे-दीडशे माणसं आहेत ती सगळी एकदम तुमच्या खिडकीवर येतील. कमी गर्दीच्या दिवशीची गर्दी अशीच येते, सुट्टी न देता, एकगठ्ठा. अर्धी रांग कंटाळून शेजारच्या ट्रककडे जाईल. मोठ्या मनाने जाऊ द्या.

रात्री आवरायला लागल्यावर कळेल की गिऱ्हाइकं चाळीस असोत की चारशे, तेलकट शेगडी तेवढीच घासावी लागते, सांडपाण्याची टाकी तेवढीच रिकामी करावी लागते, सिलिंडर तेवढाच जपून बंद करावा लागतो. भांडी घासणारा घरी आहे. बाह्या सरसावा.

राहता राहिले पैसे. दीड तास काम, दीड तासाचे पैसे. येण्याजाण्याचा वेळ आणि त्या दिवसासाठी सोडलेलं दुसरं काम हा ज्याचा त्याचा छंद. कॅलिफोर्नियात म्हणे कायदाच आहे: ठरलेल्या पाळीच्या निम्म्याआधी माणसाला परत पाठवलं तर निम्म्या पाळीचा पगार द्यायचा, किमान २ तासांचा, जास्तीत जास्त ४. असले कायदे माणसाला बिघडवतात. आयोजकाने खोटा आकडा तुमच्या गळ्यात मारला, तुम्ही तो पोरांच्या गळ्यात मारा. पाणी उताराकडेच वाहतं. वर जाऊन आयोजकाशी भांडायला दम लागतो, खाली भांडायला नुसता आवाज पुरतो. उरलेलं कोमट अन्न डब्यात भरून देताना "घरी न्या, मुलांना खाऊ घाला" म्हणायला विसरू नका.

पुढच्या कार्यक्रमाच्या आदल्या रात्री ग्रुपवर मेसेज टाका: "उद्या कोण कोण येतंय?" सगळे वाचतील. कोणी बोलणार नाही. मग हल्लीच्या पोरांना जबाबदारीच नको, हे शेजारच्या ट्रकवाल्याला ऐकवायला जा. त्याच्याकडे दोन वर्षं तीच तीन माणसं आहेत, तिघांनाही तिन्ही कामं येतात, आणि चौथा घरी फोनजवळ थांबतो, थांबण्याचे ठरलेले पैसे घेऊन. हे त्याला कसं परवडतं, असं मात्र चुकूनही विचारू नका. तो सांगायला लागेल.