‘तारखेला आला नाही म्हणजे फरार’ म्हणे!

परवा रात्री भावकीच्या ग्रुपवर भाच्याने एक मजकूर टाकला. अनेकदा पुढे ढकललेला, वर तिरंगा, खाली जोडलेले हात. शीर्षक : ‘आता न्याय संगणक करणार!’ सांगणं असं की आकडा खोटं बोलत नाही, संगणकाला जात नाही की भाषा नाही, तेव्हा जामीन कुणाला द्यायचा ते त्यालाच ठरवू द्या. अमेरिकेत तसंच चालतं. जिथे गुन्हे जास्त नोंदले जातात तिथली माणसं हेरून ठेवा. जो तारखेला आला नाही तो फरार, त्याला पुन्हा जामीन नको. तुरुंगात आहेत ते सगळे गुन्हेगारच. आणि तुंबलेले खटले महिनाभरात निकाली.

एरवी मी असलं वाचतो आणि सोडून देतो. पण त्याच ग्रुपात आमचे एक चुलते आहेत. सकाळी सहाला त्यांचा फोन : “म्हणजे मी फरारी झालो काय रे?”

मी २२ वर्षं सीमाभागातल्या कोर्टासमोर टेबल टाकून बसतो. आधी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आहे. वकीलनामे, प्रतिज्ञापत्रं, जामिनाचे आणि वॉरंट रिकॉलचे, म्हणजे निघालेलं वॉरंट मागे घ्या म्हणणारे, अर्ज हेच काम, मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हींत. संगणकावर माझा काही राग नाही, पोट त्याच्यावरच आहे. म्हणून सुरुवात फरारीपासूनच करतो, बाकीचं मागून.

चुलत्यांची केस बांधावरच्या भांडणाची. शिवीगाळ, धक्काबुक्की, दोन्हीकडून तक्रारी. सीमेवरच्या कुठल्याही गावात दर पावसाळ्याला होतं तसं. समन्स घरी आलं ते कन्नडमध्ये. चुलते मराठी सातवी. छापील मजकूर सोडाच, तारीखही हाताने आणि कन्नड आकड्यांत लिहिलेली. शेजारच्या कुणीतरी सांगितलं, कन्नडमधला एक आपल्या शून्यासारखा गोल असतो. ते खरंच आहे. फक्त समन्सवर जे गोल होतं ते खरोखरच शून्य होतं. तारीख ०२ होती, चुलत्यांनी १२ वाचली. १२ तारखेला फडक्यात भाकरी बांधून, पहिली बस धरून ते आले, तर दहा दिवसांपूर्वीच वॉरंट निघालेलं. रिकॉलचा अर्ज मीच टाइप केला. चुलते समोर स्टुलावर बसून तो कागद पुन्हा पुन्हा उलगडत होते आणि त्या गोलावर बोट ठेवून म्हणत होते, “हे एक नव्हे?”

आता ह्यातलं नोंदीत काय राहिलं? ‘आरोपी गैरहजर, वॉरंट.’ एवढंच. गोलाचं, बसचं, भाकरीचं कुठेही काही नाही. देशभरच्या कोर्टांचे आकडे दाखवणारा राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड आहे. त्यावर खटले का रखडले याची कारणं दिलेली असतात, त्यांत ‘आरोपी फरार’ हेही एक. उद्या भाच्याचा संगणक तो रकाना वाचणार आणि निष्कर्ष काढणार की हा माणूस पळतो. आकडा खोटं बोलला नाही, बरोबर. त्याला अर्धंच सांगितलं होतं.

आणि आकड्यांवर एवढं प्रेम असेल, तर ह्याच प्रश्नावरचे आकडे घ्या. न्यूयॉर्क शहरात किरकोळ गुन्ह्यांची समन्सं हातात पडूनही पुष्कळ लोक कोर्टात येत नव्हते आणि मागोमाग अटकेची वॉरंटं निघत होती. संशोधकांनी दोनच गोष्टी केल्या. समन्सचा फॉर्म नव्याने मांडला, म्हणजे तारीख, ठिकाण आणि न आल्यास काय होईल हे चटकन दिसेल असं. आणि तारखेआधी मोबाइलवर आठवण पाठवली. गैरहजेरी १३ ते २१ टक्क्यांनी घटली, तीन वर्षांत ३० हजार वॉरंटं कमी निघाली. हे २०२० साली ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात आलं आहे, कुणाच्या स्टेटसवर नव्हे. ते ‘पळपुटे’ होते म्हणे. मग कागदाची मांडणी बदलल्यावर आले कसे?

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट भाच्याने दोनदा वाचावी. न्यायव्यवस्थेत काम करणाऱ्यांना विचारलं तर ते म्हणतात, माणूस बहुतेकदा चुकून राहतो. बाहेरच्यांना विचारलं तर म्हणतात, मुद्दाम राहतो. आणि मुद्दाम राहतो असं एकदा ठरवलं, की आठवण करून देण्यापेक्षा शिक्षाच बरी वाटते. हा फॉरवर्ड नेमका तसाच जन्मला असणार.

आपल्याकडेही मोबाइलवर तारीख येते, ई-कोर्टची सोय आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवायचीही तरतूद आहे. पण नोंदीत नंबर कुणाचा असतो? माझ्या टेबलावरचं सांगतो : कधी वकिलाचा, कधी झेरॉक्सवाल्याचा, कधी दोन वर्षांपूर्वी बंद पडलेला. हे दुरुस्त करायला कुठलीही कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात टाकलाय, तो सुटेल तेव्हा सुटेल. तोवर तारखेचा आकडा तरी ज्याला जायचंय त्याला कळेल असा लिहायला कुणाची हरकत आहे?

अमेरिकेचं म्हणाल तर तिथे ‘कॉम्पास’ नावाची गुण देणारी प्रणाली आहे. आरोपी पुन्हा गुन्हा करील का ह्याचा अंदाज ती बांधते. प्रश्नावलीत १३७ प्रश्न, त्यांत वंशाचा एकही नाही. आईबाप कधी तुरुंगात गेले होते का, हा मात्र आहे. २०१६ मध्ये प्रोपब्लिका ह्या पत्रकारांच्या संस्थेने फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीतल्या हजारो आरोपींचे गुण पुढच्या दोन वर्षांतल्या वागण्याशी ताडून पाहिले. ज्यांनी पुढे काहीच केलं नाही, अशा कृष्णवर्णीयांतल्या सुमारे ४५ टक्क्यांना ‘धोकादायक’ ठरवलं गेलं होतं. गोऱ्यांत हेच प्रमाण साडेतेवीस टक्के. कंपनीने उत्तर दिलं की समान गुण मिळालेले दोन्हीकडचे लोक पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण जवळपास सारखंच आहे. गंमत म्हणजे तेही खोटं नव्हतं. न्याय्य कशाला म्हणायचं ह्याच्या दोन व्याख्या आहेत, आणि दोन गटांच्या नोंदी मुळातच वेगळ्या असल्या की दोन्ही एकदम पाळता येत नाहीत. कुठली धरायची हे माणसालाच ठरवावं लागतं. ‘संगणकाला जात नाही’ ह्या वाक्याचं हे असं झालं.

‘गुन्हे जास्त ते गाव हेरून ठेवा’ ह्याला मी फार वेळ देणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आपल्याच अहवालात बजावतो की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकडे छापणाराच असं म्हणतो, तिथे पुढे ढकलणारे तुम्ही कोण? शिवाय आपल्या भागात कुणाच्या नावापुढे काय लागलेलं असतं? कुणी १ नोव्हेंबरच्या, सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाच्या, काळ्या दिनाच्या फेरीत चालला म्हणून जमावबंदीचा गुन्हा, कुणी समोरच्या बाजूचा झेंडा घेऊन आला म्हणून त्याच्यावरही. रावडी शीट, म्हणजे पोलिसांकडची गुंडांची नोंद, एकदा उघडली की नाव निघता निघत नाही. आणि पारधी, कैकाडी, कंजारभाट वस्त्यांना जाऊन विचारा हेरून ठेवणं म्हणजे काय. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. चोरी झाली की पोलिस आधी तिकडेच जातात, म्हणून नोंदी तिकडच्याच, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा तिकडेच. हेच चक्र संगणकात घातलं की ते ‘विश्लेषण’ होतं.

बरं, आता नाइलाजाने थोडं मान्य करतो. माणसं पक्षपाती असतात हे काय मला सांगायला हवं? एकाच गुन्ह्यात एकाला लगेच जामीन आणि दुसऱ्याला चार महिने, हे मीही टाइप करताना बघतो. आकड्यांनी ते उघडं पडतं, पडावंच. देशातल्या तुरुंगांत २०२२ अखेर ५ लाख ७३ हजार कैदी होते, त्यांतले ४ लाख ३४ हजार कच्चे, म्हणजे खटला चालू असलेले, दोष सिद्ध न झालेले. शेकडा पाऊणशे. (‘सगळे गुन्हेगारच’ ह्या वाक्याचा निकाल इथेच लागला.) १ जुलै २०२४ पासूनच्या त्याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ म्हणतं की आधी कधीच दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडावं. जन्मठेप-फाशीचे गुन्हे आणि ज्यांच्यावर एकाहून जास्त खटले आहेत ते वगळून. ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने जुन्या खटल्यांनाही ते लागू केलं. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं, म्हणजे एक वर्ष झालं की अर्ज. तो अर्ज करायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकाची. बेळगावच्या हिंडलगा तुरुंगात आज कुणाचं एक वर्ष भरलं हे वहीत शोधायला दिवस जातात, संगणक चहा उकळायच्या आत यादी देईल. हे काम त्याला जरूर द्या. तिथे तो यंत्रणेचं चुकलेलं मोजतो, माणसाचं नशीब ठरवत नाही.

तुंबलेल्या खटल्यांबद्दल एकच सांगतो. जिल्हा-तालुका कोर्टांत चार कोटींवर खटले आहेत. १९८७ मध्येच विधी आयोगाने दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश मागितले होते, आज मंजूर पदं धरली तरी एकवीस-बावीसच्या आसपासच भरतात. हा भागाकार भाच्याने मोबाइलवरच करावा.

चुलत्यांच्या पुढच्या तारखेच्या कागदावर मी कोपऱ्यात देवनागरीत, ठसठशीत, तारीख आणि वार दोन्ही लिहून दिले आहेत. केसला नंबर भाच्याचा लावायचं ठरवलंय. तो कन्नड माध्यमात शिकला आहे, मेसेज आला की त्याला वाचता येईल, चुलत्यांना एक फोन करता येईल. काल ग्रुपवरच विचारलं. दोन निळ्या टिका आल्या आहेत, उत्तर नाही.